दोन विमानतळ आणि मधली खाडी



मुंबईच्या नकाशावर सहारचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि पनवेल-उलव्याच्या बाजूचा नवी मुंबई विमानतळ या दोन ठिकाणांमध्ये पट्टी ठेवली, तर सरळ रेषेत अंतर भरते सुमारे २४ किलोमीटर. उतरायला आलेले विमान ताशी २५० किलोमीटरच्या आसपास वेगाने येते. त्या हिशेबाने हा सहा मिनिटांचा पल्ला आहे. रस्त्याने तोच पल्ला ३५ ते ४० किलोमीटरचा होतो, कारण मध्ये ठाण्याची खाडी आहे आणि ती मोजक्या पुलांवरूनच ओलांडता येते. हे आकडे कुणीही मोजून पाहावेत, त्यात वाद नाही. वाद पुढच्या प्रश्नाचा आहे: या दोन विमानतळांमध्ये जायला वेळ किती लागतो? या प्रश्नाला आज कोणतीही जबाबदार यंत्रणा बांधील उत्तर देत नाही. ते उत्तर मिळत नाही तोवर मुंबईला दोन विमानतळ आहेत असे म्हणणे अर्धवट खरे आहे, आणि ते उत्तर देण्याची जबाबदारी विमानतळ बांधणाऱ्यांवर आणि सरकारवर आहे, प्रवाशावर नाही, असे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

दुसरा विमानतळ का लागला हे आधी थोडक्यात पाहू. सहारला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. एवढ्या मर्यादेतही तिथे एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झालेली आहे आणि वर्षाला ५ कोटींवर प्रवासी हाताळले गेले आहेत. हवाई नियंत्रकांचे ते कौशल्य जगाने वाखाणावे असेच आहे. पण चोहोबाजूंनी वस्तीने वेढलेल्या त्या जागेत आणखी वाढायला वाव नव्हता. म्हणून उलव्याची टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून नवा विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवासी आणि सगळे टप्पे पूर्ण झाल्यावर ९ कोटी, अशी त्याची आखणी आहे. म्हणजे ही तात्पुरती सोय नाही. पुढची पन्नास वर्षे या महानगराचे हवाई दळणवळण दोन ठिकाणी विभागलेले राहणार आहे.

आता वेळेकडे येऊ. आपण वेळ सांगतो ती सरासरीने: ‘तासाभरात पोहोचाल.’ ऑफिसला किंवा लग्नाला जाताना ही सरासरी चालते. विमानाच्या बाबतीत ती मुळीच चालत नाही. विमानतळावर वीस मिनिटे लवकर पोहोचणाऱ्याला काही बक्षीस मिळत नाही, मात्र वीस मिनिटे उशीर झालेल्याचे सगळेच जाते. देशांतर्गत उड्डाणाचे काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतात. त्यानंतर तिकीट हातात असूनही त्याचा उपयोग उरत नाही. नफा-नुकसान असे एकतर्फी असले की माणूस सरासरीवर विसंबत नाही, तो वाईटात वाईट दिवसाचा हिशेब धरून निघतो. वाहतूकशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले आहे. अमेरिकेतील महामार्ग प्रशासन रस्त्याचा भरवसा मोजताना शंभरातल्या पंच्याण्णव फेऱ्या जेवढ्या वेळात पूर्ण होतात तो वेळ धरते. महिन्याला साधारण वीस दिवस कामावर जाणाऱ्याला एखादाच दिवस उशीर होईल, एवढी ती तजवीज असते. हाच मापदंड एका कल्पित उदाहरणाला लावून पाहा. एका रस्त्याने बहुतेक दिवस एक तास लागतो, पण वीस दिवसांतून दोनदा अडीच तास लागतात. दुसरीकडे एक रेल्वे आहे, तिला रोज सव्वा तास लागतो, पाच मिनिटे इकडेतिकडे. सरासरी रस्त्याच्या बाजूने आहे. पण विमान गाठायचे असेल तर रस्त्याने जाणाऱ्याला रोजच अडीच तास हातात ठेवावे लागतात आणि रेल्वेने जाणाऱ्याला फार तर दीड तास. म्हणजे सरासरीने हळू असलेली गाडी प्रत्यक्षात तासाभराने जवळची ठरते. माझा सगळा युक्तिवाद या एका तासावर उभा आहे. वेगापेक्षा भरवसा महत्त्वाचा, आणि भरवसा हा अंदाजाचा विषय नाही, तो मोजता येतो.

हा वेळ नेमका कुठे जातो हे जवळून पाहायला हवे. नागपूरहून नवी मुंबईला उतरून सहारहून परदेशी निघालेला प्रवासी डोळ्यांसमोर आणा. त्याची दोन तिकिटे स्वतंत्र आहेत. विमान जमिनीला टेकले तरी दार उघडायला काही मिनिटे जातात. मग पट्ट्यावर बॅगेची वाट पाहणे आले, कारण तिकिटे वेगळी असली की सामान आपोआप पुढे जात नाही, ते स्वतः उचलून न्यावे लागते. ट्रॉली ढकलत तो टॅक्सीपाशी येतो. तिथून सायन-पनवेल महामार्ग, वाशीचा खाडीपूल आणि मानखुर्द. इथवर गाडी बहुधा बरी पळते. वाशीचा तिसरा पूल आता झाला आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर मोटारींना टोलही नाही. खरा प्रश्न पुढे आहे. चेंबूर, अमर महल, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, कुर्ला, मग पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि शेवटी सहारचा उन्नत रस्ता: या शेवटच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये वेळ किती जाईल हे तो कोणता वार आहे, किती वाजले आहेत आणि पाऊस आहे की नाही यावर अवलंबून राहते. सहारला पोहोचल्यावर बॅग पुन्हा द्यायची, इमिग्रेशन करायचे आणि पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहायचे. एकाच विमानतळावर विमान बदलणाऱ्याच्या वाट्याला यातले फार थोडे येते. आणि या साखळीतली कुठलीही एक कडी निसटली तरी दुसऱ्या कंपनीला त्याचे सोयरसुतक नसते, कारण तिच्या लेखी तो वेळेवर न आलेला प्रवासी असतो.

या दुखण्याकडे दुर्लक्ष केले तर काय होते याचा सर्वांत बोलका दाखला कॅनडातल्या माँट्रियल शहराचा आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. माँट्रियलचा जुना विमानतळ डॉर्व्हल शहराला लागून होता. तो अपुरा पडेल म्हणून संघराज्य सरकारने १९७५ मध्ये मिराबेल इथे प्रचंड विमानतळ उघडला. त्यासाठी सुमारे ९७,००० एकर जमीन घेतली गेली आणि असंख्य शेतकरी कुटुंबे उठवली गेली. मग सरकारने अशी विभागणी केली की समुद्रापलीकडची आंतरराष्ट्रीय उड्डाणे मिराबेलहून सुटतील आणि देशांतर्गत व अमेरिकेची उड्डाणे डॉर्व्हललाच राहतील. दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत अंतर साधारण ३३ किलोमीटर, म्हणजे आपल्यापेक्षा फारसे जास्त नाही. ते जोडण्यासाठी वेगवान रेल्वे येणार होती, ती कधी आलीच नाही. महामार्गही नियोजनाप्रमाणे पुरे झाले नाहीत. हॅलिफॅक्सहून पॅरिसला जाणाऱ्याला डॉर्व्हलला उतरून बसने मिराबेल गाठावे लागे. अशा प्रवाशाला टोरांटोचा मार्ग सोपा वाटू लागला, कारण तिथे एकाच छताखाली विमान बदलता येत होते. हळूहळू विमान कंपन्याही टोरांटोकडे सरकल्या. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमित उड्डाणे डॉर्व्हलला परत आणली गेली, ३१ ऑक्टोबर २००४ ला मिराबेलहून शेवटचे प्रवासी विमान उडाले आणि २०१४ मध्ये तिथली टर्मिनलची इमारत पाडायला घेतली गेली. आज तिथे मालवाहतूक होते आणि विमाने बनतात. इमारत उत्तम होती, धावपट्ट्या उत्तम होत्या. उणीव मधल्या दुव्याची होती.

माँट्रियलचे महत्त्व कमी व्हायला दुसरीही कारणे होती हे कुणी दाखवून देईल, आणि ते बरोबरच आहे. माँट्रियलच्या क्वेबेक प्रांतातल्या राजकीय अस्थिरतेमुळे उद्योग टोरांटोकडे गेले. लांब पल्ल्याची विमाने आल्यावर अटलांटिक ओलांडल्यानंतर इंधनासाठी माँट्रियलला थांबायची गरज उरली नाही. ही कारणे मी नाकारत नाही. पण त्या कारणांनी शहराची वाढ मंदावली, मिराबेलची प्रवासी वाहतूक मात्र पूर्ण बंद पडली. दोन्हींत फरक आहे. डॉर्व्हल त्याच शहरात, त्याच राजकारणात आणि त्याच अर्थव्यवस्थेत राहून टिकले आणि वाढले. म्हणून दुव्याच्या अभावाला या निकालातला मोठा वाटा द्यावा लागतो.

ज्यांनी उलटे केले त्यांची उदाहरणे फार लांबवत नाही. सोलमध्ये २००१ साली इंचॉनचा नवा विमानतळ उघडला आणि गिम्पोचा जुना चालू राहिला. सरळ रेषेतले अंतर जवळजवळ माँट्रियलएवढेच. तिथे उत्तम द्रुतगती मार्ग पहिल्या दिवसापासून होता, तरी २००७ मध्ये दोन विमानतळांमध्ये स्वतंत्र रेल्वे सुरू केली गेली. आज तो प्रवास साधारण ४० मिनिटांचा आहे आणि तो रस्त्यावरच्या कोंडीवर अवलंबून नाही. शांघायमध्ये होंगच्याओ आणि पुदोंग हे विमानतळ मेट्रोच्या दुसऱ्या लाइनने जोडलेले होते, पण त्या प्रवासाला दीड तासाहून जास्त वेळ लागे. म्हणून २७ डिसेंबर २०२४ ला वेगळी विमानतळ जोडणारी लाइन उघडली आणि वेळ ४० मिनिटांच्या आसपास आला. तोक्योत हानेदा आणि नारिता यांच्यात सरळ रेषेत ६० किलोमीटर आहेत. तिथे वेगवेगळ्या संस्थांच्या रुळांवरून, गाडी न बदलता, थेट सेवा चालते. तिला दीड तास लागतो, हे थोडे नाही, पण तो वेळ वेळापत्रकात छापलेला असतो. लंडनने मात्र रस्त्यावरच भिस्त ठेवली. हीथ्रो आणि गॅटविक यांच्यात १९७८ पासून चक्क हेलिकॉप्टरची सेवा होती. १९८६ मध्ये शहराभोवतीचा एम-२५ महामार्ग पूर्ण होत आला आणि आता रस्ता आहेच म्हणून ती सेवा बंद झाली. पुढे तोच एम-२५ कोंडीसाठी प्रसिद्ध झाला, आणि थेट रेल्वे आजही नाही.

आपल्याकडचे उदाहरण शेजारच्या गोव्याचे आहे. दाबोळी हा नौदलाचा तळ. नागरी विमानांना तिथे वेळेच्या मर्यादा सांभाळाव्या लागतात. म्हणून पेडणे तालुक्यात मोपा इथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला गेला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. दाबोळी-मोपा सरळ रेषेत ४० किलोमीटर, रस्त्याने ६०च्या वर, आणि मध्ये झुवारी व मांडवी या दोन्ही नद्या. झुवारीवरचा नवा पूल आणि मांडवीवरचा अटल सेतू यांनी पूर्वीची कोंडी बरीच कमी केली हे मान्य करायला हवे, आणि कदंब महामंडळाच्या बसगाड्याही मोपाला जातात. पण काणकोणच्या माणसाला मोपा हे गोव्याचे दुसरे टोक आहे, तर सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला ते अगदी दाराशी आहे. एकाच ‘गोवा’ नावाखाली दोन तिकिटे विकली जातात, एकाचा संकेत जीओआय आणि दुसऱ्याचा जीओएक्स. ही तीन अक्षरे न वाचणाऱ्याचा दिवस वाया जाऊ शकतो. मुंबईतही तीच वेळ आता आली आहे: बीओएम आणि एनएमआय. विक्रीच्या पानावर हे दोन संकेत शेजारी-शेजारी येतात तेव्हा त्यांच्यातला प्रवासाचा वेळ तिथेच ठळक छापणे बंधनकारक असावे, असे मला वाटते. याला खर्च शून्य आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की विमान बदलण्यासाठी एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणारे लोक एकूण प्रवाशांत फार थोडे, मग एवढ्या थोड्यांसाठी हजारो कोटी रुपये कशाला? आकड्यांपुरते यात तथ्य आहे. बहुसंख्य प्रवासी घरून निघून विमानतळावर जातात आणि विमानतळावरून घरी येतात. पण पुण्याच्या प्रवाशाकडे पाहा. परदेशी जाण्यासाठी पुण्याहून मुंबईला येणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. द्रुतगती मार्गाने ९४ किलोमीटर अंतर कापून गाडी कळंबोलीला येते. नवी मुंबईचा विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर आहे. त्याचे विमान सहारहून असेल, तर पुढचा त्याचा सगळा प्रवास म्हणजे या दोन विमानतळांमधलेच अंतर. हीच गोष्ट महाड-चिपळूणहून मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलला येणाऱ्या आणि आखातात कामाला निघालेल्या कोकणी माणसाची. उलट दिशेने, अंधेरी-बोरिवलीचा जो माणूस उद्या स्वस्त तिकीट पाहून नवी मुंबईहून उडणार, तोही हेच अंतर कापणार. शिवाय दोन्ही विमानतळांवर पाळीत काम करणारे हजारो कर्मचारी आहेत, त्यांची ये-जा चोवीस तास चालते. तेव्हा हा दुवा मूठभर लोकांसाठी आहे हे गणित मला चुकीचे वाटते. विमान बदलणारे थोडे असतील, ही खाडी ओलांडून विमान गाठणारे लाखो आहेत.

दुसरा आक्षेप रस्त्यांचा. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला, जवळपास २२ किलोमीटरचा, त्यातला १६ किलोमीटरहून अधिक भाग समुद्रावर. त्यावरून गाडी वीस मिनिटांत पार होते, मग आणखी काय हवे? अटल सेतू हे अभिमानाने सांगावे असे काम आहे. दक्षिण मुंबईतून नवी मुंबईच्या विमानतळाला जाणाऱ्याचा प्रश्न त्याने खरोखर सोडवला. पण तो मुंबईत उतरतो शिवडीला. सहार तिथून उत्तरेला, भर वस्तीतून, नेहमीच्याच रस्त्यांनी गाठायचे असते. साखळीतला सर्वांत कमजोर भाग तसाच राहतो. त्यात पावसाळा आला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा विमानतळच बंद पडला होता. तसा दिवस अपवाद. पण कुर्ला-कलिना भागात मिठी नदीकाठी पाणी साचणे हा अपवाद नाही, तो दर पावसाळ्याचा अनुभव आहे. पंच्याण्णव टक्क्यांचा मापदंड लावला की जून ते सप्टेंबर हे चार महिने रस्त्याला नापास करतात.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो-८ ही सुमारे ३५ किलोमीटरची मार्गिका आखलेली आहे, काही भाग भुयारी आणि बाकीचा उन्नत. मुंबईत मेट्रो आखल्यापासून धावेपर्यंत किती वर्षे जातात हे मेट्रो-३ ने दाखवले आहे. योगायोग असा की मेट्रो-३ चा शेवटचा टप्पा आणि नवी मुंबईचा विमानतळ यांचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. सहारच्या दोन्ही टर्मिनलजवळ आज मेट्रोची स्थानके आहेत, पण त्यातली एकही गाडी खाडी ओलांडत नाही. म्हणून मेट्रो-८ ची वाट पाहत गप्प बसणे मला मान्य नाही. तोवर करता येण्यासारखे बरेच आहे. दोन विमानतळांमध्ये ठरलेल्या वेळी सुटणारी, सामानाला जागा असलेली बस चालवावी आणि गर्दीच्या वेळी तिला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावर राखीव मार्गिका द्यावी. हार्बर मार्गावर अंधेरी-पनवेल थेट लोकल आहेतच. वाटेत गाडी बदलून गाठता येणारे, उरण मार्गावरचे तरघर स्थानक विमानतळाच्या सर्वांत जवळ आहे. तिथून विमानतळापर्यंत अखंड बससेवा असली आणि काही डब्यांत सामानाची सोय असली, तर कोंडीच्या दिवशी प्रवाशाला एक पक्का पर्याय मिळेल. दोन्ही विमानतळ आज एकाच उद्योगसमूहाकडे चालवायला आहेत. नवी मुंबईत सिडकोचा २६ टक्के हिस्साही आहे. एका विमानतळावर बॅग देऊन ती दुसऱ्यावरून पुढे पाठवण्याची व्यवस्था करायला यापेक्षा सोयीची परिस्थिती क्वचितच असेल. आणि खर्च म्हणाल तर मिराबेलचा हिशेब समोर आहे. तिथे रेल्वेचे पैसे वाचले आणि टर्मिनल गमावले.

शेवटी एक ठोस मागणी मांडतो, आणि ती आपल्यातल्या प्रत्येकाने आपापल्या लोकप्रतिनिधीकडे करावी अशी विनंती आहे. सहार ते नवी मुंबई या प्रवासाला शंभरातल्या पंच्याण्णव वेळा किती वेळ लागला, हा आकडा दर महिन्याला, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असा वेगळा काढून, सरकारने जाहीर करावा. मोजणे अवघड नाही. रस्त्यांवरचे कॅमेरे आणि टॅक्सींमधली जीपीएस यंत्रे ही माहिती आजही गोळा करतात. तो आकडा छापला गेला की बसला राखीव मार्गिका मिळाल्याने किती मिनिटे वाचली, पावसाळ्यात किती वाढली, मेट्रो-८ ला एक वर्ष उशीर झाल्याची किंमत किती, हे सगळे उघड दिसेल आणि निर्णय घेणाऱ्यांना त्याचे उत्तर द्यावे लागेल. येत्या जूनपासून, म्हणजे नव्या विमानतळाच्या पहिल्या पावसाळ्यापासूनच, ही मोजणी सुरू व्हायला हवी.